एका पोत्याचा हिशेब

मागे मी आमच्या घराच्या बांधकामाची हकीकत इथे लिहिली होती. ती वाचून पुतणीचा फोन आला. म्हणाली, "काका, सगळं लिहिलंत, पण आप्पाकाकांच्या सिमेंटचं काहीच लिहिलं नाहीत." खरं आहे. ते मी मुद्दाम टाळलं होतं. आता आप्पाला विचारून लिहितो आहे. तो म्हणाला, "लिवा की दादा, त्यात काय चोरी हाय?"

आप्पा माझा मामेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून लागला आणि हळूहळू लहानसा कॉन्ट्रॅक्टर झाला. स्वतःचा एक मिक्सर, सेंट्रिंगच्या थोड्या प्लेटा आणि दहा-बारा माणसं, एवढा त्याचा पसारा. मी २००८ साली निवृत्त झालो आणि गावातल्या एका शाळेच्या समितीवर खजिनदार म्हणून मला घेतलं. शाळेला वरच्या मजल्यावर तीन खोल्या हव्या होत्या. माजी विद्यार्थ्यांनी देणग्या दिल्या होत्या, पण एक पैसा जास्तीचा नव्हता. २०१० च्या डिसेंबरात काम आप्पाला दिलं. माल-मजुरीसह एकरकमी करार, स्टँपपेपरवर. मसुदा मीच लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

जानेवारीत काम सुरू झालं आणि सिमेंट वाढायला लागलं. फेब्रुवारीत वाढलं, मार्चमध्ये आणखी वाढलं. करार करताना आप्पाने धरलेला दर आणि स्लॅबच्या वेळी दुकानदाराने घेतलेला दर यात पोत्यामागे जवळपास पन्नास रुपयांचा फरक पडला होता. अशी सातशे पोती. एप्रिलमध्ये तो वही घेऊन आला आणि समितीपुढे उभा राहिला. पस्तीस हजार रुपये जास्तीचे मागत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण नातेवाईक माझा आणि खजिनदारही मी. नातेवाईकाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये या भीतीने मी जरा जास्तच कडक झालो. म्हणालो, "आप्पा, करार म्हणजे करार. बाजारभावाचा अंदाज बांधणं हे तुझं काम. तुझा हिशेब चुकला, त्याची भरपाई शाळेने का द्यावी?"

तो काही बोलला नाही. काम मात्र चोख पुरं केलं. मिक्सर विकला हे मला नंतर कळलं. त्यानंतर वर्षभर तो आमच्या दारावरून गेला, पण चहाला थांबला नाही.

आता हा पस्तीस हजारांचा हिशेब खरोखर कुणाचा चुकला होता, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, ही खोड आता जायची नाही.

आपल्याकडे सिमेंटचा पहिला यशस्वी कारखाना पोरबंदरचा, १९१४ सालचा. पहिल्या महायुद्धात बाहेरचा माल येईना, तेव्हा या धंद्याला बरे दिवस आले आणि युद्धानंतर पटापट कारखाने निघाले. इतके की एकमेकांचे गळे कापण्याची स्पर्धा लागली. खर्चापेक्षा कमी भावात माल विकायची पाळी आली. मग कारखानदार शहाणे झाले. १९२५ साली त्यांनी संघटना काढली. १९३० साली सगळ्यांचा माल एका जागेवरून विकायला सिमेंट मार्केटिंग कंपनी काढली. आणि १९३६ साली दहा कंपन्या विलीन होऊन एसीसी ही एकच मोठी कंपनी मुंबईत उभी राहिली. हे घडवून आणण्यात एफ. ई. दिनशॉ यांचा पुढाकार होता. ते त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारले, कंपनी झालेली त्यांना पाहायला मिळाली नाही. या सगळ्याला त्या वेळी कुणी गुन्हा म्हटलं नाही. उलट कौतुकच झालं. देशी उद्योग वाचला ही भावना होती, आणि ती खोटी नव्हती. भाव ठरवायला एकत्र बसणं हे तेव्हा शहाणपणाचं लक्षण होतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या महायुद्धात सिमेंटवर सरकारी नियंत्रण आलं आणि ते स्वातंत्र्यानंतरही राहिलं. १९६६ साली ते उठवलं, तेव्हा वाटपाचं काम कारखानदारांच्याच एका संस्थेकडे दिलं. दोन वर्षांत, १९६८ साली, नियंत्रण परत आलं.

याच काळात दिल्लीत वेगळी चर्चा चालली होती. योजना झाल्या, कारखाने निघाले, पण पैसा गेला कुणाच्या घरात? १९६४ साली न्यायमूर्ती दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली मक्तेदारी चौकशी आयोग नेमला गेला. १९६५ च्या त्याच्या अहवालात ७५ उद्योगसमूहांची यादी होती. मुंबईचे अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी परवाने कुणाला कसे मिळतात याचा अभ्यास करून असंच काहीसं दाखवून दिलं, की परवाना पद्धत मोठ्यांना आवरण्यासाठी म्हणून आणली आणि तिचा लाभ मोठ्यांनीच जास्त उठवला. आपल्या घटनेच्या ३९ व्या कलमात संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटू नये असं लिहिलेलं आहेच. त्यातून १९६९ साली एमआरटीपी कायदा झाला, म्हणजे मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारी प्रथांविरुद्धचा कायदा. १ जून १९७० पासून तो लागू झाला.

मी तेव्हा बी. ए. ला होतो. त्याच वर्षी जुलैत बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं. आम्हा पोरांना वाटलं, आता टाटा-बिर्लांचं काही खरं नाही. कायदा असा होता की ज्या समूहाची मालमत्ता २० कोटींच्या वर, त्याने नवा कारखाना काढायचा, असलेला वाढवायचा किंवा दुसरा विकत घ्यायचा तर केंद्र सरकारची परवानगी घ्यायची. म्हणजे संशय होता तो आकारावर. मोठा झालास म्हणजेच काहीतरी गडबड केलीस, असा.

आता याची गंमत बघा. देशात सिमेंटचा दुष्काळ. भाव सरकारने बांधून दिलेला, त्यामुळे नवा कारखाना काढायला कुणी फारसं उत्सुक नाही. आणि ज्याला काढणं झेपेल त्याने आधी दिल्लीला जाऊन पटवून द्यायचं की मी फार मोठा होत नाहीये. मला हा कायदा करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आजही शंका नाही. पण त्याचा अनुभव मी १९८० साली घेतला, तो असा.

घर बांधायला काढलं तेव्हा सिमेंटला परवाना लागायचा. तहसील कचेरीत पुरवठा शाखेत अर्ज, सोबत नकाशा आणि अंदाजपत्रक. मागितली होती दोनशे पोती, मंजूर झाली साठ. तीही दोन हप्त्यांत. पाऊस तोंडावर आलेला, भिंती उघड्या. शेवटी एका व्यापाऱ्याकडून रात्री बैलगाडीतून नव्वद पोती आणली, परवान्याच्या दराच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून. त्यातल्या काहींचे दगड झाले होते. नागरिकशास्त्राच्या तासाला काळाबाजार हा शब्द फळ्यावर लिहिताना माझा हात नंतर कित्येक वर्षं जरा अडखळायचा.

आणि हे काही गावापुरतं नव्हतं. १९८१ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देगण्या आणि बिल्डरांना मिळालेला सिमेंटचा कोटा यांचा संबंध वर्तमानपत्रांनी चव्हाट्यावर आणला. १९८२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला आणि अंतुलेंना पद सोडावं लागलं. पुढचे कज्जे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका राज्याचं सरकार सिमेंटच्या पोत्याला अडखळून पडलं, असं मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलं हसायची. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर सिमेंट अर्धवट मोकळं झालं. मोठा हिस्सा लेव्हीचा म्हणून सरकारला, उरलेला खुल्या बाजारात. १ मार्च १९८९ ला नियंत्रण पूर्ण उठलं.

इकडे एमआरटीपीची २० कोटींची मर्यादा १९८५ साली १०० कोटी झाली, आणि १९९१ मध्ये ती पूर्वपरवानगीची अटच गेली. तिचा परिणाम आमच्या न्हाणीघरात दिसला. हमाम साबण टाटांच्या टॉमको कंपनीचा. ती कंपनी १९९३ साली हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन करायचं ठरलं. कामगार संघटना कोर्टात गेल्या. यातून मक्तेदारी होईल हाही एक मुद्दा होता. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरण उचलून धरलं. आधीच्या कायद्यात ज्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागल्या असत्या, ते आता सरळ होऊ शकत होतं. साबण तोच राहिला, मालक बदलला. आमच्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एमआरटीपीचा दुसरा अर्धा भाग मात्र शिल्लक होता. संगनमत करून भाव वाढवले, माल दडवला, की आयोगाकडे तक्रार करता यायची. पण आयोगाच्या हातात छडी नव्हती. दंड करता येत नव्हता. "हे बंद करा, पुन्हा करू नका" एवढाच हुकूम. आम्ही मस्तीखोर मुलांकडून माफीनामा लिहून घ्यायचो, त्यातलाच प्रकार. सिमेंट कंपन्यांच्या संगनमताचं एक प्रकरण या आयोगापुढे १९९० साली आलं. त्याचा निकाल २००७ च्या डिसेंबरात लागला. संगनमत केलं हे ठरलं, आणि पुन्हा करू नका असं सांगितलं गेलं. १९९० साली पहिलीत गेलेला मुलगा तोवर पदवीधर होऊन नोकरीला लागला असेल.

तोपर्यंत नवा कायदा तयार होऊन पडला होता. राघवन समितीने २००० साली अहवाल दिला, २००२ चा स्पर्धा कायदा जानेवारी २००३ मध्ये झाला. मग कोर्टात आव्हान, मग २००७ ची दुरुस्ती, आणि शेवटी २० मे २००९ पासून त्याची मुख्य कलमं लागू झाली. या कायद्याने नजर फिरवली. मोठं असणं हा दोष नाही. मोठेपणाचा गैरवापर करणं हा दोष, आणि त्याहून मोठा दोष म्हणजे जे एकमेकांचे स्पर्धक असायला हवेत त्यांनी आपसांत ठरवणं. आणि या आयोगाच्या हातात छडी होती. संगनमत सिद्ध झालं तर नफ्याच्या तिपटीपर्यंत दंड करण्याचा अधिकार.

(एक कबुली देतो. त्याच २००९ च्या उन्हाळ्यात आम्ही तीन निवृत्त शिक्षकांनी सुट्टीतले वर्ग सुरू केले होते. एकाने फी कमी लावली की दुसऱ्याची मुलं पळतात, म्हणून तिघे माझ्या ओसरीवर बसून एकच फी ठरवून मोकळे झालो. हिने चहा दिला. आम्ही नुकत्याच लागू झालेल्या केंद्रीय कायद्याच्या तिसऱ्या कलमाला हात घालतो आहोत, याची आम्हा तिघांनाही कल्पना नव्हती.)

तसं हे पाप जुनंच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एकजूट करून माल अडवणाऱ्या किंवा अवाच्या सवा भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना हजार पणांचा दंड सांगितला आहे. तो वसूल कसा होत असे, हे मात्र त्यावरून कळत नाही.

आता २०१२ च्या जूनकडे येतो. २१ तारखेच्या पेपरात पहिल्याच पानावर बातमी. भारतीय स्पर्धा आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६,३०० कोटींहून जास्त दंड केला. तक्रार केली होती बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, कारण त्यात महिने लिहिले होते. २०१० चा नोव्हेंबर-डिसेंबर. २०११ चा जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. आप्पाच्या वहीतले महिने.

पुढे पुतणीने, ती तेव्हा पुण्यात कायद्याला होती, तो सगळा निकाल छापून आणून दिला. जाडजूड बाड. माझं इंग्रजी बेताचं. शब्दकोश शेजारी ठेवून दोन महिने वाचत होतो. त्यातलं मला कळलेलं सांगतो.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. सिमेंट हे सगळीकडे सारखंच, विकणारे मोजके, एकाचा भाव दुसऱ्याला लगेच कळतो. मग एकाने वाढवला की दुसराही वाढवणार. त्यासाठी भेटायची गरज काय? हे मला पटतं. आमच्या आठवडे बाजारात पाऊस झाला की सगळ्या माळणी कोथिंबिरीचा भाव एकदमच चढवतात. त्यांनी काही सभा घेतलेली नसते. नुसते भाव सारखे म्हणजे संगनमत, असं म्हणता येणार नाही आणि आयोगानेही तसं म्हटलं नाही. त्याने आणखी दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे कारखान्यांची ताकद असूनही २०१० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात माल कमी काढला गेला, मागणी तेवढी घटलेली नसताना. आणि दुसरं म्हणजे कंपन्यांची संघटना, सिमेंट मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. तिच्या बैठका २०११ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाल्या आणि त्यांच्या पाठोपाठ भाव चढले. संघटना सभासदांकडून भावाची माहितीही गोळा करत होती. माळणींचं उदाहरण इथे संपतं. त्या आदल्या रात्री वडाखाली बसून, निम्मी कोथिंबीर घरीच ठेवायचं ठरवून आल्या असत्या, तर गोष्ट वेगळी झाली असती.

भावाच्या माहितीबद्दल संघटनेचं उत्तर वाचून मी थबकलो. ती म्हणाली, आम्ही हे भाव सरकारच्याच सांगण्यावरून गोळा करतो, उद्योग खात्याला पाठवायला. म्हणजे नियंत्रणाच्या काळात लागलेली सवय. नियंत्रण १९८९ साली गेलं, पण भाव विचारायचं दप्तर मागे राहिलं. १९२५ साली संघटना काढणं शहाणपणाचं होतं, १९६६ साली सरकारनेच वाटप कारखानदारांच्या हाती दिलं, आणि २०१२ साली त्याच एकत्र बसण्याला दंड झाला. हे मी कंपन्यांची बाजू म्हणून सांगत नाही. ज्या घरात पिढ्यानपिढ्या एकच रीत चालत आली, तिथल्या माणसांना ती रीत आता गुन्हा झाली हे उमगायला वेळ लागतो किंवा ती उमगून घ्यायची इच्छा नसते. यातलं खरं कुठलं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला मात्र आप्पाचा चेहरा दिसत होता.

मी पेपरचं कात्रण खिशात घालून त्याच्याकडे गेलो. वर्षाने त्याच्या घराची पायरी चढलो. कात्रण वाचून दाखवलं. म्हणालो, "आप्पा, हिशेब तुझा चुकला नव्हता. मी तुला भर सभेत बोललो, ते बोलायला नको होतं." तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "दादा, ह्या सहा हजार कोटीतलं माझं पस्तीस हजार कुठल्या खिडकीवर मिळत्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर शोधून काढलं. दंडाची रक्कम भारत सरकारच्या एकत्रित निधीत जमा होते. ज्याने पोतं जास्त भावाने विकत घेतलं, त्याच्याकडे ती येत नाही. नुकसानभरपाई मागायचं एक कलम कायद्यात आहे, नाही असं नाही. पण त्यासाठी वेगळा अर्ज, अपिली न्यायाधिकरणापुढे, दिल्लीला. पस्तीस हजारांसाठी वकील लावायचा तर त्याचा पहिलाच कागद पस्तीस हजारांचा.

मग मी शाळेच्या समितीपुढे विषय ठेवला, की आपण निदान निम्मी रक्कम आप्पाला द्यावी. ही गोष्ट जुलै २०१२ ची. अध्यक्ष म्हणाले, "सर, अजून अपील व्हायचं आहे. निकाल कायम झाला की बघू." इतिवृत्तात मी माझ्याच हाताने लिहिलं, "विषय तहकूब."

डिसेंबर २०१५ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने तो निकाल रद्द केला आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. कारण असं की आयोगाच्या ज्या अध्यक्षांनी निकालावर सही केली होती, ते युक्तिवादाच्या वेळी हजर नव्हते. ज्याने ऐकलं त्यानेच निकाल द्यावा, हे तत्त्व. तत्त्व बरोबरच आहे. ज्याने पेपर तपासला नाही त्याने गुण देऊ नयेत. पण तीन-साडेतीन वर्षं त्यात गेली, आणि कंपन्यांनी भरलेली दहा टक्के रक्कम परत घ्यायची मुभा त्यांना मिळाली. आमच्या सभेत एक सभासद म्हणाले, "बघा सर, बरं झालं दिले नाहीत." तहकूब.

ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा ऐकून पुन्हा दंड केला. या वेळी ६,७०० कोटींच्या घरात. मी पुन्हा विषय मांडला. "पुन्हा अपील होईल." झालंच. तोवर ते जुनं अपिली न्यायाधिकरणही बंद होऊन त्याचं काम कंपनी कायद्याच्या अपिली न्यायाधिकरणाकडे गेलं होतं. २५ जुलै २०१८ ला त्याने दंड कायम केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांची अपिलं दाखल करून घेतली आणि दहा टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर बाकी वसुली थांबली. २०१९ साली मी वयोमानामुळे समिती सोडली. माझ्या शेवटच्या सभेचं इतिवृत्त बघितलंत तर त्यातही तो विषय आहे आणि पुढे तोच शब्द आहे.

आयोग काहीच करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याने गुगलला मोबाइल फोनच्या बाबतीत १,३३७ कोटींचा दंड केला. संगनमतात असलेल्या एखाद्याने स्वतःहून येऊन सगळं सांगितलं तर त्याचा दंड कमी करायची सोयही कायद्यात आहे, आपल्या माफीच्या साक्षीदारासारखी. २०१७ साली रेल्वेला पंखे पुरवणाऱ्या कंपन्यांच्या प्रकरणात तिचा पहिल्यांदा उपयोग झाला आणि सांगणाऱ्याला ७५ टक्के सूट मिळाली. सिमेंटच्या त्या निकालात असा कुणी नाही. २०२३ साली कायदा आणखी बदलला. दंड आता कंपनीच्या जगभरातल्या उलाढालीवर धरता येतो, काही प्रकारच्या प्रकरणांत तडजोड करता येते, आणि २,००० कोटींच्या वरच्या व्यवहारांना, कंपनीचा भारतात बऱ्यापैकी धंदा असेल तर, आधी आयोगाची संमती लागते. हे शेवटचं वाचून मला १९६९ ची आठवण झाली. पूर्वपरवानगी गेली आणि दुसऱ्या वेषात परत आली. आता मोठं होऊ नका असं कुणी म्हणत नाही, फक्त विकत घेण्याआधी विचारा, म्हणतात.

विचारल्यावर काय होतं तेही सांगतो. २०१२ च्या त्या यादीतल्या ११ कंपन्या घ्या. ग्रासिमचं सिमेंट आधीच अल्ट्राटेकमध्ये गेलं होतं. पुढे २०१८ साली बिनानी अल्ट्राटेककडे गेली, २०१९ साली सेंच्युरीचं सिमेंट गेलं, २०२४ अखेर इंडिया सिमेंट्सही. जेपीचे बरेचसे कारखाने २०१७ सालीच त्यांच्याकडे गेले होते. १९३६ साली दहा कंपन्यांतून झालेली एसीसी आणि तिची बहीण अंबुजा या दोन्ही २०२२ साली अदानी समूहाकडे गेल्या. म्हणजे अकरा जणांनी एका टेबलाभोवती बसून ठरवलं की तो गुन्हा, आणि त्यातले सात-आठ जण दोन घरांत नांदायला गेले की ते घरातलं बोलणं. घरातल्या बोलण्याला कुठलाच कायदा संगनमत म्हणत नाही. हे सगळे व्यवहार रीतसर झाले आहेत, त्यात बेकायदा काही नाही. पण एकोणसत्तरचा तो जुना, ढोबळ, अडाणी कायदा ज्या गोष्टीला भीत होता ती हीच असावी, असं मला आता वाटतं. त्याचं औषध चुकलं. रोग त्याने कल्पनेतून काढला नव्हता.

समितीकडून काही होत नाही म्हटल्यावर मी २०१९ च्या दिवाळीत पेन्शनमधून बाजूला ठेवलेले पस्तीस हजार पाकिटात घालून आप्पाकडे गेलो होतो. त्याने पाकीट उघडलंसुद्धा नाही. "तुम्ही का देताय? तुम्ही काय सिमेंट विकलं व्हय?" असं म्हणून हिच्या हातात परत दिलं. आम्ही तिथेच जेवलो. आता तो आमच्याकडे येतो, चहाला थांबतो, शुगर असून दोन चमचे साखर मागतो.

गेल्या महिन्यात आमच्या कंपाउंडची भिंत पडली. काम आप्पाच्या मुलाला दिलं. तो डिप्लोमा झालेला आहे, सगळं मोबाइलवर करतो. पण कराराचा कागद मात्र छापून घेऊन आला. चौथ्या कलमात लिहिलं होतं, सिमेंटचा दर आजच्या दरापेक्षा पोत्यामागे दहा रुपयांहून जास्त वाढल्यास फरक मालकाने द्यायचा. मी वाचून वर पाहिलं. आप्पा शेजारीच बसला होता, बशीतला चहा फुंकत. "पोराला मीच सांगितलं घालायला," म्हणाला.

मी सही केली.